दातवणापासून ब्रशपर्यंत : आपल्या दातांचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे-महाराजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. अचलपूरची इमादशाही, नरनाळ्याचा आणि गाविलगडचा किल्ला, निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या हवाली केलेला वऱ्हाड प्रांत, हे सर्व आपण शाळेत वाचतो व वाचलेही पाहिजे. परंतु माणसाच्या रोजच्या जगण्यालाही इतिहास असतो. तो काय खातो, काय पितो, आजारी पडल्यावर कोणाकडे धावतो, सकाळी उठल्याबरोबर तोंडात काय घालतो, या साध्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो तर हजारो वर्षांचा पट उलगडत जातो.

आपल्याच मोहल्ल्यात पाहा. एका घरातील आजोबा मिस्वाक किंवा कडुनिंबाची काडी चावतात. त्याच घरातील आजी चुलीपाशी बसून मिश्री लावते. मुलगा मंजनाची डबी उघडतो आणि नातू शाळेत जाण्यापूर्वी घाईघाईने ब्रश फिरवतो. एका छपराखाली इतिहासाचे तीन-चार कालखंड एकत्र नांदत असतात! त्यांतील कोणता आपण पुढे न्यावा आणि कोणता मागे टाकावा, याचा निर्णय ज्याने त्याने करावयाचा आहे. तो डोळसपणे करता यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

काडीची कुळकथा

दातांचे दुखणे आजचे नाही. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे उत्खननात जे दफनस्थान सापडले, तेथील नऊ माणसांच्या अकरा दाढांना छिद्रे पाडलेली आढळली. ही माणसे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. गारगोटीच्या टोकाने जिवंत माणसाच्या दाढेला छिद्र पाडणारे कारागीर त्या काळी आपल्या उपखंडात होते, हे २००६ मध्ये जगापुढे आले.

दात स्वच्छ ठेवण्याचा विचारही तितकाच जुना असला पाहिजे. सुश्रुतसंहितेत दातवणाचे नियम दिलेले आहेत. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीइतकी जाड, ताजी व गाठी नसलेली असावी. कडू रसात कडुनिंब, तुरट रसात खैर, तिखट रसात करंज आणि गोड रसात मोह उत्तम मानला आहे. ही चारही झाडे आपल्या वऱ्हाडाला परकी नाहीत. मेळघाटात खैर आणि मोह आहे, आणि कडुनिंबाशिवाय वऱ्हाडातले गाव शोधून सापडणार नाही. त्यांच्या जोडीला काळ्या मातीच्या धुऱ्यावरची बाभूळ होतीच. दातवणाला पैसा लागत नव्हता. शेतावर जाताना हात वर केला की काडी हाती येई.

या काडीचे गुण दोन. एक, चावल्यावर तिच्या तंतूंचा कुंचला होतो आणि तो दातांवरचा मळ घासून काढतो. दुसरे, तिच्या कडू-तुरट रसाने तोंडाला लाळ सुटते. लाळ ही अल्लाहने तोंडातच ठेवलेली औषधी आहे. ती आंबटपणा धुऊन टाकते आणि दाताचे झिजलेले क्षार काही प्रमाणात भरून काढते.

मिस्वाक आणि वुजू

मिस्वाक ही पिलू नावाच्या झाडाची मुळी किंवा फांदी. हे झाड अरबस्तान, सिंध, राजस्थान, गुजरात अशा कोरड्या व खारवट प्रदेशांत वाढते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांना मिस्वाक अतिशय प्रिय होती. उम्मतीला जड जाईल ही काळजी नसती, तर प्रत्येक नमाजाच्या वेळी मिस्वाक करण्याचा हुकूम आपण दिला असता, अशा आशयाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अखेरच्या आजारातही त्यांनी मिस्वाककडे पाहिले, तेव्हा हजरत आयेशा (र.) यांनी ती चावून मऊ करून दिली, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांनी मौलवीसाहेबांच्या तोंडून ऐकली असेल.

मित्रांनो, या गोष्टीचे महत्त्व नीट लक्षात घ्या. चौदाशे वर्षांपूर्वी तोंडाची स्वच्छता ही एखाद्या वैद्याची सूचना न राहता इबादतीच्या तयारीचा भाग झाली. वुजू करताना चूळ भरावयाची, तीही तीन वेळा. दिवसातून पाच वेळा तोंड धुणारा समाज त्या काळी दुसरीकडे क्वचितच असेल. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये, जेथे चावण्याच्या काड्यांची प्रथा आहे तेथे त्यांच्या वापराला उत्तेजन द्यावे असे म्हटले. पुढे २००० साली तज्ज्ञांनी या विषयावर आणखी संशोधन व्हावे असे मत दिले.

मग प्रश्न असा पडतो की, ज्यांच्या घरी हा वारसा आहे त्यांच्या मुलांचे दात किडलेले का असावेत? याचे उत्तर सरळ आहे. मिस्वाक खिशात असणे वेगळे आणि ती दाताच्या प्रत्येक बाजूने फिरणे वेगळे. पुढचे चार दात घासले आणि मागच्या दाढा तशाच राहिल्या, तर सुन्नतीचे सवाब मिळेल, पण दाढ मात्र वाचणार नाही.

जर्राह, हकीम आणि दातातला किडा

स्पेनमधील कुर्तुबा म्हणजे कॉर्डोव्हा येथे अबुल कासिम अल्-जहरावी (सन ९३६ ते १०१३) हे थोर जर्राह होऊन गेले. त्यांच्या 'किताबुल तसरीफ' या ग्रंथाचे तीस भाग आहेत. शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात हत्यारांच्या आकृत्या काढलेल्या आहेत. दातांवर साचणाऱ्या कठीण थराने, ज्याला आपण कीटण म्हणतो, हिरड्या बिघडतात हे त्यांनी लिहून ठेवले आणि ते खरवडण्यासाठी चौदा निरनिराळ्या खरवडण्या दाखविल्या. एका बैठकीत निघाले नाही तर पुन्हा बसवून काढावे, हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधावेत आणि दात उपटण्याची घाई करू नये, असेही ते सांगतात. बाराव्या शतकात या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले व युरोपातील वैद्य त्यावर शिकले. आज दवाखान्यात यंत्राने दात साफ करून घेतो, त्याची मुळे हजार वर्षे मागे कुर्तुब्यात आहेत. 'दात साफ केल्याने ढिले होतात' असे म्हणणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. कीटणामुळे हिरडी सुटते. कीटण निघाल्यावर जी फट दिसते ती आधीचीच असते.

आपल्याकडील युनानी हकीम दातांसाठी जे चूर्ण देत त्याला 'सुनून' म्हणत. त्यात माजूफळ, अक्कलकारा, तुरटी, लवंग अशी द्रव्ये असत. तुरट द्रव्यांनी हिरडी आवळते, लवंगेने ठणका कमी होतो. लवंगेचे तेल आजही दंतवैद्याच्या कपाटात असते. परंतु ठणका थांबला म्हणजे रोग गेला असे नव्हे, एवढे मात्र तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

दात 'किडतो' असे आपण म्हणतो. या शब्दातच एक जुनी समजूत दडलेली आहे. बाबिलोनपासून हिंदुस्थानपर्यंत लोक मानीत की दातात खरोखर किडा शिरतो व तो आतून पोखरतो. त्यावर उपाय म्हणून निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकून तोंडात धुरी घेत. धुरीनंतर भांड्यातील पाण्यात पांढरे बारीक 'किडे' दिसत आणि रोगी समाधानाने घरी जाई. वास्तविक ते बीमधून फुटून निघालेले कोंब असत! अशा लबाड्यांवर तेराव्या शतकात दमास्कसच्या अल्-जौबरी यांनी एक ग्रंथच लिहिला, आणि दातातून किडे काढून दाखविणाऱ्या भोंदूंची युक्ती त्यात उघड केली. फ्रान्समधील पियेर फोशार यांनीही १७२८ च्या आपल्या ग्रंथात हा किडा नाकारला. खरे कारण १८९० मध्ये विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने बर्लिनमध्ये राहून सिद्ध केले. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. म्हणजे 'कीड' आहे, पण ती डोळ्यांना दिसणारी नाही, आणि तिला अन्न आपणच पुरवितो.

राखुंडी, मंजन आणि मिश्री

काडीबरोबरच घरोघर राखुंडी होती. गोवरीची राख, लाकडी कोळसा, मीठ, कोठे कोठे विटेची भुकटीदेखील. राखुंडीने दात पांढरे दिसतात, कारण ती दात अक्षरशः खरवडते. विटेतील वाळूचा कण दाताच्या कवचाहून कठीण असतो. रोज घासले की कवच पातळ होते, आतला पिवळसर भाग उघडा पडतो आणि गार पाणी प्यायले तरी झिणझिण्या येतात. आजीचे दात पन्नाशीत हिरडीपाशी खाचले गेलेले असत, त्याचे एक कारण हे.

मग बाजारी मंजने आली. कोलगेट कंपनीचा हिंदुस्थानातील व्यवसाय १९३७ मध्ये सुरू झाला. मूळचे नागपूरचे केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत विको कंपनी काढली आणि वज्रदंतीची डबी महाराष्ट्रात घरोघर पोचविली. ब्रशही बदलला. पूर्वी तो जनावरांच्या केसांचा असे. पुष्कळ मुसलमान घरांत त्याविषयी शंका होती आणि ती रास्तच होती, कारण त्यात डुकराचे केस वापरीत. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनचे तंतू आले आणि ती अडचण उरली नाही.

परंतु भगिनींनो, मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे ते मिश्रीविषयी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटावयाची आणि बोटाने हिरड्यांवर चोळावयाची. आपल्याकडे जुन्या काळी लग्नप्रसंगी नववधूचे दात रंगविण्याची 'मिस्सी' होती. ती हिराकस, हिरडा इत्यादींची असे. नावे जवळची आहेत म्हणून दोहोंत गल्लत होते, पण मिश्री म्हणजे निव्वळ तंबाखू. तिची युक्ती अशी की, पहिल्यांदा ती दाढदुखीवर औषध म्हणून हातात येते. तंबाखूने ठणका थोडा बधिर होतो. मग ती सकाळी लागते, नंतर दुपारी, नंतर कामाला बसण्यापूर्वी, आणि अखेर तिच्यावाचून डोके दुखते. बीडी ओढणाऱ्या पुरुषाला लोक व्यसनी म्हणतात. मिश्री लावणाऱ्या बाईला मात्र 'दात घासते' असे म्हणतात. या एका शब्दाच्या पडद्याआड हे व्यसन कित्येक पिढ्या सुखाने नांदले आणि आईकडून लेकीकडे गेले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली व १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोंडातील पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध अशा पाहण्यांतून स्पष्ट होत गेला. पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. त्याविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, परंतु न्यायालयाने १९९७ मध्ये ही बंदी योग्य ठरविली. म्हणजे देशाच्या कायद्यानेच सांगितले की तंबाखू हे मंजन नव्हे. तथापि कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोचतो, चुलीवरच्या तव्यापर्यंत पोचत नाही. तेथे घरातील शिकलेल्या मुलीनेच पोचले पाहिजे.

मिश्रीची बहीण सुपारी. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंड आखडण्याचा एक रोग प्रथम नोंदला गेला. गालाची आतली कातडी ताठ होते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड दोन बोटेही उघडत नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नमूद केले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पण विदर्भात खर्रा हाताने घोटून मिळतो आणि शाळकरी पोरांच्या खिशात सापडतो, हे पालकांना ठाऊक आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभरापैकी सुमारे २७ प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांतील बहुतेक ती तोंडात धरणारे होते.

एका जिद्दी माणसाची कामगिरी

आपल्या देशात दंतवैद्यकाचे रीतसर शिक्षण कोणी सुरू केले, असा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा सहसा हात वर होत नाही. त्यांचे नाव डॉ. रफीउद्दीन अहमद. जन्म १८९० चा, पूर्व बंगालमधला. अलीगढ येथे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले. आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळविली. बोस्टनमध्ये मुलांच्या दातांच्या फोरसिथ रुग्णालयात काम केले. तेथे राहिले असते तर सुखात दिवस गेले असते. परंतु १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९२० मध्ये कलकत्त्यात दंत महाविद्यालय उघडले.

सरकारचा पैसा नव्हता, देणगीदारांची रांग नव्हती. त्यांनी काय करावे? 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे सरबत-आइस्क्रीमचे दुकान काढले आणि त्या मिळकतीवर महाविद्यालय चालविले! लोक गोड खात होते आणि त्या पैशांतून देशाचे पहिले दंतवैद्य तयार होत होते. १९२५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले, १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. १९३९ चा बंगालचा दंतवैद्य कायदा आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा संपूर्ण देशाचा कायदा यांमागे त्यांचे परिश्रम होते. १९४९ मध्ये आपण उभारलेले महाविद्यालय त्यांनी पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. पुढे ते त्या राज्याचे मंत्री झाले, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. ते महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आपल्या राज्यात मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ मध्ये, तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये स्थापन झाले. आता आपल्या अमरावतीतही दंत महाविद्यालय आहे. ज्या प्रांतातील माणूस पूर्वी दाढ दुखली की बाजारात सतरंजीवर पक्कड मांडून बसलेल्या दात काढणाऱ्याकडे जाई, त्या प्रांतातील मुलगी आज गावातच राहून दंतवैद्य होऊ शकते. विद्यार्थिनींनो, हे वाक्य दोनदा वाचा.

पाणी आणि साखर

पाण्याचाही दातांशी संबंध आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावातल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग का, याचा शोध डॉ. मॅके यांनी १९०१ पासून घेतला. १९३१ मध्ये उत्तर मिळाले ते पाण्यातील फ्लोराइडचे. थोडे असले तर दात बळकट होतात, अधिक झाले तर डाग पडतात आणि फारच झाले तर हाडेही वाकतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट आणि दुसरा झराच नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा, असे भारतीय मानक आहे. जुन्या वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांपैकी यवतमाळमधील कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात ते प्रमाण याहून जास्त आढळले आहे. अशा गावच्या मुलांचे डाग घासून जात नाहीत. त्यांना 'दात घासत नाही का रे' म्हणून हिणवू नये. त्या बोअरचे पाणी तपासून घ्यावे.

साखरेची गोष्ट याहून सोपी व याहून कडू आहे. आपल्या पूर्वजांचा आहार ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी असा चावून खाण्याचा होता. गोड सणासुदीला असे. आता गोड चहा दिवसातून चार वेळा, त्यात बिस्कीट आणि मुलांच्या हातात चिकट गोळ्या. गोड खाल्ल्यावर तोंड आम्ल होते आणि ते पूर्ववत व्हायला अर्धा तास लागतो. म्हणून किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे. ईदच्या दिवशी शीरखुर्मा पोटभर खाऊन तोंड धुतले तर फारसे बिघडत नाही. दिवसभर एकेक गोळी चघळली तर मात्र दाताला विश्रांतीच मिळत नाही.

आता आपण काय करावे?

रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी, असे दोन वेळा, मऊ ब्रशने व फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी व त्याहून मोठ्यास वाटाण्याएवढी पुरे. मिस्वाक करणाऱ्यांनी ती आवर्जून करावी. कुंचला ताजा ठेवावा, मागच्या दाढांपर्यंत न्यावी, आणि रात्रीचा ब्रश तिच्या जोडीला असू द्यावा. रमजानमध्ये सहरीनंतर आणि तरावीहनंतर झोपताना ब्रश करता येतो, तेव्हा रोजा ही सबब होऊ शकत नाही.

हिरडीतून रक्त आले तर घासणे थांबवू नये. रक्त हे बहुधा मळ साचल्याचे लक्षण असते. दूध पिणाऱ्या बाळाला तोंडात बाटली ठेवून झोपवू नये. दुधाचे दात पडणारच, म्हणून त्यांची हेळसांड करू नये, कारण पक्क्या दातांची जागा तेच राखून ठेवतात. सहाव्या वर्षी सर्वांत मागे जी दाढ येते ती पक्की असते, ती गेली की पुन्हा येत नाही. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांना विशेष जपावे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तोंड कमी उघडत असेल, तर दुखत नसले तरी दंतवैद्याला दाखवावे. या रोगाचा स्वभावच असा की आरंभी तो दुखत नाही.

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' अशी आपली म्हण आहे. गरिबीत वाढलेल्या पिढीने चणे नसण्याचे दिवस पाहिले. तिने कापसाच्या शेतात, जिनात, मागावर आणि बीडीच्या सुपावर राबून आपल्या मुलांना शाळेत घातले. आता चणे मिळविण्याचे दिवस येत आहेत, तेव्हा दात राखणे आपल्या हाती आहे. एका ब्रशला जो खर्च येतो, त्याहून अधिक पैसा महिन्याभराच्या खर्‍यात जातो, हा हिशोब कोणत्याही विद्यार्थ्याने घरी मांडून पाहावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच काम सांगतो. ही स्मरणिका घरी न्या आणि मिश्रीविषयीचा भाग आपल्या आईला, आजीला, नानीला मोठ्याने वाचून दाखवा. वाद घालू नका, उपदेश करू नका. वयाने मोठ्या माणसाची सवय एका दिवसात सुटत नाही. पण तव्याशेजारी तुमची धाकटी बहीण बसलेली असते व ती पाहत असते. आजीची मिश्री सुटो न सुटो, त्या बहिणीच्या बोटाला ती लागू नये, एवढे जरी आपण साधले तरी या घरातून त्या घरात चालत आलेला एक इतिहास येथे थांबेल. अल्लाह आपणा सर्वांना ती तौफीक देवो.